जेल चमकतं ते नेमकं कशामुळे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात विज्ञानाच्या पानावर एक छोटीशी चौकट होती, पाण्यात पारा असेल तर हिरवं आणि नसेल तर पिवळं चमकणाऱ्या एका हायड्रोजेलबद्दल, आणि असली जेल 'वातावरणातले बदल' टिपतात असंही त्यात म्हटलं होतं. जेमतेम काही ओळी. त्यावर एवढे मेल आणि मेसेज येतील असं वाटलं नव्हतं, काहींनी तर हे जेल कुठे मिळतं, केवढ्याला मिळतं तेही विचारलंय. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं शक्य नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि जिथे मला जास्त बोलायचंय तिथे जास्त बोललेय, चालवून घ्या.

मॅडम, हायड्रोजेल म्हणजे डायपरमध्ये असतं तेच ना? मग ते चमकतं कसं? (अकरावी सायन्स, नाशिक)

तेच, निदान त्याच घराण्यातलं तरी नक्की. पॉलिमरच्या लांबच लांब साखळ्या असतात, त्यांना मधेमधे गाठी मारल्या की जाळं होतं, आणि साखळ्या पाणी धरून ठेवणाऱ्या असतील तर हे जाळं पाणी पिऊन फुगतं पण विरघळत नाही कारण गाठी सुटत नाहीत. वजनात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असलं तरी हातात उचलता येतं. डायपरमधली पांढरी पावडर म्हणजे सोडियम पॉलिॲक्रिलेट, ती हेच करते, चायना ग्रासची जेली हेही हायड्रोजेल आणि मऊ कॉन्टॅक्ट लेन्सही. लेन्सची गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही: चेकोस्लोव्हाकियातले ऑटो विख्तर्ले आणि द्राहोस्लाव लिम यांनी १९६० साली 'नेचर'मध्ये असल्या जेलवर पेपर छापला, लेन्सचं काम काही मनासारखं पुढे सरकेना, तेव्हा १९६१ च्या ख्रिसमसमध्ये विख्तर्लेंनी घरीच, मुलांच्या मेर्कुर नावाच्या मेकॅनोसारख्या खेळण्याच्या पट्ट्या-चाकं आणि सायकलचा डायनामो जोडून लेन्स ओतायचं मशीन केलं आणि ते चक्क चाललं.

आता चमकण्याचं. या सेन्सरमध्ये बहुतेक वेळा जेल स्वतः चमकत नसतं, चमकतो तो त्यात बांधून ठेवलेला रंग. फ्लुरोसंट रंगाचा रेणू जास्त ऊर्जेचा प्रकाश गिळतो, समजा यूव्ही, त्यातली थोडी ऊर्जा उष्णतेत घालवतो आणि उरलेली काही नॅनोसेकंदांत कमी ऊर्जेचा, म्हणजे आपल्याला दिसणारा प्रकाश म्हणून बाहेर टाकतो. केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्सनी १८५२ मध्ये हे क्विनाईनच्या द्रावणावर नीट दाखवलं. सेन्सरची सगळी मेख त्या मधल्या नॅनोसेकंदांत आहे. तेवढ्यात एखादा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण, जवळ आला आणि त्याने ती ऊर्जा हिसकावली की चमक मंदावते. उलटंही करतात, म्हणजे रंगाच्या शेजारी असा एक गट मुद्दाम जोडून ठेवायचा जो एरवी आपला इलेक्ट्रॉन देऊन चमक मारून टाकतो, आणि हवा तो आयन येऊन त्या गटाला धरून बसला की तो इलेक्ट्रॉन अडकतो आणि रंग चमकायला लागतो. या दुसऱ्या प्रकारावर बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीतले, मूळ श्रीलंकेचे ए. पी. डिसिल्वा यांनी मोठं काम केलंय आणि त्यातून रक्तातलं सोडियम, पोटॅशियम वगैरे पटकन मोजणाऱ्या छोट्या कॅसेट प्रत्यक्ष हॉस्पिटलांत पोचल्या.

मग रंग सरळ पाण्यातच का नाही टाकत? टाकतातही, पण तो पसरतो, परत काढता येत नाही, आणि शरीरात किंवा नदीत असला रंग सोडायला कोण परवानगी देणार. जेलमध्ये तो जागेवर राहतो, पाणी आणि लहान आयन आतबाहेर करतात, गाळाचे कण आणि मोठी प्रोटीन्स बाहेरच अडतात.

हा पाराच आहे, शिसं किंवा तांबं नाही, हे त्या जेलला कळतं कसं? आणि आपल्याकडच्या पाण्याला ते चालेल का? (निवृत्त शिक्षक, सांगली)

सर, प्रश्न अगदी वर्मावर आहे, कारण चमकणारं जेल बनवणं तितकंसं अवघड राहिलेलं नाही, ते कशामुळे चमकलं हे छातीठोकपणे सांगणं अवघड आहे.

चौकटीतलं जेल कॅनडाच्या वॉटरलू युनिव्हर्सिटीत ज्युवेन लिऊ यांच्या गटाने केलं, पेपर २०१० चा. पॉलिॲक्रिलामाइडचं साधं जेल, त्यात डीएनएचे छोटे तुकडे बांधलेले, आणि त्या तुकड्यांत थायमिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) ठासून भरलेलं. दोन थायमिनच्या मधोमध पाऱ्याचा आयन असा काही नेमका बसतो की डीएनएचा सुटा धागा दुमडून हेअरपिनसारखा मिटतो. मग वरून सायबर ग्रीन नावाचा रंग टाकायचा. धागा मिटलेला असेल तर हिरवी चमक, मोकळाच असेल तर पिवळी. शिसं किंवा तांबं थायमिनच्या मधे असं बसत नाही, म्हणून गोंधळ कमी.

मला यात सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे जेल नुसतं बघत नाही, ते पारा ओढूनही घेतं. ५० मिलीलीटर पाण्यातला पारा हळूहळू त्या एवढ्याशा जेलमध्ये गोळा होतो, म्हणून मशीनशिवाय नुसत्या डोळ्यांना १० नॅनोमोलर पारा कळतो. १० नॅनोमोलर म्हणजे लीटरला साधारण २ मायक्रोग्रॅम, अमेरिकेत पिण्याच्या पाण्याची मर्यादा तेवढीच आहे. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, मात्र ती लीटरला १ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे आपल्या मर्यादेच्या दीडपट पारा असलेलं पाणी या जेलपुढे ठेवलं तर डोळ्यांना कदाचित काहीच फरक दिसणार नाही आणि आपण निर्धास्त पीत बसू. जेल ॲसिडने धुऊन परत वापरता येतं आणि वाळवून ठेवता येतं हे चांगलं. त्यांनी ओन्टारियो सरोवराच्या पाण्यावरही ते तपासलं, फक्त त्या पाण्यात पारा मुद्दाम घातलेला होता. असे पेपर वाचताना ही ओळ नेहमी शोधावी, नमुन्यात आधीपासून होतं ते सापडलं की आपण टाकलेलं सापडलं.

घरी वापरायला हे मिळत नाही. पाऱ्याची खरीच शंका असेल तर मान्यताप्राप्त लॅबमध्ये नमुना द्या.

चौकटीत 'वातावरणातले बदल' म्हटलंय म्हणजे तापमान पण मोजतात का? (पनवेल)

मोजतात, आणि ते काम जेलला फार छान जमतं. पॉलि-एन-आयसोप्रोपिल-ॲक्रिलामाइड असं लांबलचक नाव असलेलं एक पॉलिमर आहे, संशोधक त्याला पीनिपॅम म्हणतात. थंड असताना ते पाणी धरून फुगलेलं राहतं आणि साधारण ३२ अंश सेल्सिअस ओलांडलं की पाणी बाहेर टाकून एकदम आक्रसतं. आता त्यात असा रंग बांधायचा जो पाण्याच्या सहवासात मंद असतो आणि कोरड्यात तेजस्वी, की झाला थर्मामीटर. टोकियो युनिव्हर्सिटीच्या सेइची उचियामा यांनी याच तत्त्वावर इतके बारीक जेलकण केले की ते जिवंत पेशीच्या आत घालून तिथलं तापमान बघता आलं, २००९ च्या सुमाराचं काम.

याच्याशी जोडलेली अजून एक गोष्ट. बहुतेक रंग दाटीवाटी झाली की मंदावतात, पण २००१ मध्ये हाँगकाँगच्या बेन झोंग तांग यांच्या गटाने उलट वागणारे रंग लोकांपुढे आणले, म्हणजे सुटे असताना विझलेले आणि गर्दी झाली की चमकणारे. या रेणूंना पंख्यासारखी पाती असतात, मोकळ्या जागेत पाती गरगरतात आणि सगळी ऊर्जा फिरण्यातच संपते, जेल आक्रसून पाती अडकली की ऊर्जेला प्रकाश होऊन बाहेर पडण्यावाचून मार्ग राहत नाही. जेल फुगलं की आक्रसलं हे सांगायला यापेक्षा सोयीचा रंग नाही.

माझ्या मिस्टरांना डायबेटिस आहे. भाचा अमेरिकेतून सांगत होता की तिकडे वर्षभर दंडात राहणारा सेन्सर आहे आणि तो प्रकाशावर चालतो. हे खरं की फॉरवर्ड? (पुणे)

ताई, खरं आहे. एव्हरसेन्स नाव त्याचं. अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये ९० दिवसांच्या मॉडेलला परवानगी दिली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये वर्षभराच्या मॉडेलला. आणि या सगळ्या पानावर मला कोणी विचारलं की फ्लुरोसंट जेल खरोखर माणसाच्या उपयोगी पडलं असं एक उदाहरण द्या, तर मी हेच देईन.

साधारण १८ मिलिमीटर लांब आणि साडेतीन मिलिमीटर जाड अशी कॅप्सूल असते, डॉक्टर लहानशी चीर देऊन दंडाच्या कातडीखाली सरकवतात. कॅप्सूलच्या बाहेरून जेलचा थर आणि त्यात बांधलेला रंग. त्या रंगाला बोरॉनिक ॲसिडचे दोन हात असतात आणि ते ग्लुकोजला धरतात, परत सोडतात, परत धरतात. धरलं की चमक वाढते. आत एक एलईडी यूव्ही प्रकाश टाकतो आणि प्रकाश मोजणारा भाग चमक वाचतो. आत बॅटरी नाही, वरून दंडावर चिकटवलेला ट्रान्समीटर तिला वीज पुरवतो आणि आकडा मोबाइलवर पाठवतो.

आपल्याकडे लोक दंडावर जे पंधरवड्याचे पॅच लावतात ते वेगळ्या तत्त्वावर चालतात, तिथे एन्झाइम ग्लुकोजवर काम करतो आणि त्यातून येणारा विजेचा प्रवाह मोजतात. एन्झाइम हळूहळू दमतो, म्हणून त्याचं आयुष्य दिवसांत. बोरॉनिक ॲसिडवालं रसायन काही खर्च करत नाही म्हणून ते इतकं टिकतं. पण तेही अगदी निर्धास्त नाही. अधूनमधून बोटाला सुई टोचून आकडा जुळवून द्यावा लागतोच, आणि टेट्रासायक्लिन गटातली अँटिबायोटिक घेतली तर साखर खरी आहे त्यापेक्षा कमी दिसू शकते असं कंपनीच्याच सूचनांत लिहिलंय. यजमानांच्या बाबतीत काय करायचं ते त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा, मी केमिस्ट्री शिकवते, औषध देत नाही.

घरी करून बघता येईल असं काही आहे का? मुलांना सुट्टी आहे. (ठाणे, डोंबिवली, छत्रपती संभाजीनगर आणि इतर बरेच)

आहे, आणि बनवायला स्वस्त. टॉनिक वॉटरची बाटली आणा, लेबलवर क्विनाईन लिहिलेलं बघून घ्या. दुकानदार नोटा तपासायला वापरतात तसला यूव्ही टॉर्च लागेल, ३६५ नॅनोमीटरचा मिळाला तर उत्तम, ३९५ चा स्वस्त असतो, त्यानेही दिसतं पण जरा फिकं. टॉर्च डोळ्यांत मारायचा नाही, स्वतःच्या नाही आणि मांजराच्याही नाही.

एक कप टॉनिक वॉटरमध्ये चहाचा चमचाभर चायना ग्रासची पावडर घालून ढवळत उकळा, ती पूर्ण विरघळली की उथळ काचेच्या डिशमध्ये ओता आणि जमू द्या. अंधार करून टॉर्च मारला की निळी चमक. आता एका कडेला चिमूटभर मीठ ठेवा आणि थांबा. मीठ ओलं होऊन जेलमध्ये उतरतं, त्यातला क्लोराइड आयन क्विनाईनची ऊर्जा हिसकावतो आणि त्या कडेपासून आतपर्यंत निळा रंग विझत जातो. हे सावकाश होतं, चहा पिऊन या. म्हणजे घरच्या डिशमध्ये क्लोराइडचा फ्लुरोसंट हायड्रोजेल सेन्सर तयार झाला की.

पण खरी मजा पुढे आहे. दोन ग्लासांत नुसतं टॉनिक वॉटर घ्या, एकात मीठ टाका आणि दुसऱ्यात खायचा सोडा (फसफसेल, घाबरू नका). दोन्हीत निळी चमक मंदावते. मुलांना ग्लास अदलाबदल करून विचारा की मीठ कशात आणि सोडा कशात, चाखायचं मात्र नाही. नुसत्या चमकेवरून कोणालाच सांगता येणार नाही. मग दोन्हीत भरपूर लिंबू पिळा. सोड्याच्या ग्लासात चमक परत येते कारण तिथे भानगड फक्त आम्लता गेल्याची होती आणि क्विनाईन आम्लातच असं निळं चमकतं. मिठाच्या ग्लासात काही फरक पडत नाही, क्लोराइड आहे तिथेच आहे. वर सांगलीच्या सरांनी विचारलेला प्रश्न हाच आहे, फक्त तिथे मिठाच्या जागी पारा आहे.

आम्ही मालवणचे. ताजा बांगडा आम्हाला नाकाने कळतो, पण मुंबईला पॅकेटमध्ये मिळतो तो कसा ओळखायचा? असली चमकणारी पट्टी पॅकेटात ठेवता येईल का? (मालवण)

यावर बरंच काम चाललंय. मासा शिळा व्हायला लागला की बॅक्टेरिया प्रोटीन तोडून अमोनिया आणि अमाइन्स सोडतात, तो जो वास येतो तोच. पट्टीवरचा रंग त्या वाफेला प्रतिसाद देतो. चिनी संशोधकांनी २०१९ मध्ये कोळंबी आणि खेकड्यासाठी अशी वस्तू दाखवली, काटेकोर बोलायचं तर ती जेल नव्हती, सेल्युलोजवर आधारलेली होती, पण त्यातली युक्ती महत्त्वाची. एक रंग लाल आणि न बदलणारा, दुसरा अमाइन लागलं की हिरवा चमकणारा. त्यामुळे टॉर्च जवळ धरला की लांब, पट्टी जाड की पातळ याने फरक पडत नाही, लाल आणि हिरव्याचं प्रमाण बघायचं. एकाच रंगाची चमक कमी-जास्त बघून निर्णय देणाऱ्या कुठल्याही सेन्सरवर माझा तरी फारसा विश्वास नाही.

तुमच्या बांगड्याची मात्र एक वेगळी अडचण आहे. बांगडा, टूना, तारली या माशांत हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल खूप असतं आणि मासा उन्हात, बर्फाशिवाय राहिला की बॅक्टेरिया त्याचं हिस्टामिन करतात. ते वासाला कळेलच असं नाही आणि शिजवूनही जात नाही, खाल्लं की चेहरा लाल होणं, अंगावर गांधी, डोकं दुखणं. अमोनियावर बोलणारी पट्टी हिस्टामिनबद्दल काहीच सांगणार नाही. तेव्हा तोपर्यंत बर्फ आणि ओळखीची कोळीण.

शेतात टाकायचं हायड्रोजेल आम्ही वापरलंय. त्यातच रंग घालून जमिनीतली ओल किंवा खत किती आहे ते दिसेल असं करता येईल का? (जालना)

दादा, कल्पना चांगली आहे पण माती काळी, प्रकाश आत जाणार कसा आणि बाहेर येणार कसा? पुसाच्या संस्थेने काढलेलं हायड्रोजेल पाणी धरून ठेवण्यासाठी आहे, ते काम त्याला करू द्या. ओल मोजायला विजेवर चालणारे सेन्सर मिळतात आणि खतासाठी माती परीक्षण. फ्लुरोसन्सची इथे गरज नाही, उगाच खर्च.

आमच्या गावात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, मुलांच्या दातांवर डाग दिसतात. फ्लोराइडसाठी असं जेल नाही का? (यवतमाळ जिल्हा)

फ्लोराइडवर चमकणाऱ्या रंगांचे पेपर भरपूर आहेत, पण त्यातले बरेच रंग ॲसिटोनायट्राइल किंवा डीएमएसओ असल्या सॉल्व्हंटमध्ये चालतात आणि पाण्यात आले की गप्प बसतात. कारण असं की फ्लोराइडला पाणी इतकं घट्ट बिलगलेलं असतं की ते सोडवून रंगाने त्याला धरणं महाकठीण. जेल म्हणजे तर सगळं पाणीच. ॲल्युमिनियम किंवा बोरॉनचा आधार घेऊन मार्ग काढताहेत पण तुमच्या उपयोगाला आत्ता येईल असं मी काही सुचवणार नाही.

आत्ता करायचं ते असं: झिर्कोनियमवाल्या साध्या किटमध्ये रंग फिका होण्यावरून अंदाज येतो, आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्ह्याच्या लॅबमध्ये पाणी तपासून मिळतं. ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर नमुना द्या, आकडा कागदावर येऊ द्या. आपल्या मानकात फ्लोराइड लीटरला १ मिलिग्रॅमपर्यंत हवं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. आणि पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने थोडं वाढतंच. हे गावात सगळ्यांना सांगा, कारण उकळून देतोय म्हणजे सुरक्षित असं पुष्कळ आयांना वाटत असतं.

भारतात कोणी यावर काम करतंय का? (नागपूर)

बरेच जण. मला आवडलेलं एक सांगते. बेंगळुरूच्या आयआयएससीमध्ये (भारतीय विज्ञान संस्थेत) उदय मैत्रा यांच्या गटाने पित्तात असणाऱ्या कोलेट क्षारांपासून जेल केली, त्यात टर्बियम किंवा युरोपियम हे धातू. टर्बियम हिरवं छान चमकतं पण स्वतःहून प्रकाश फार कमी शोषतं, त्याला प्रकाश शोषून देणारा दुसरा रेणू लागतो. त्यांनी काय केलं तर त्या दुसऱ्या रेणूच्या तोंडाला कुलूप घातलं आणि कुलूप असं निवडलं की ते एकच ठरावीक एन्झाइम उघडेल. एन्झाइम आहे तर कुलूप उघडतं, रेणू मोकळा होतो, टर्बियम चमकतं. हे जेल त्यांनी फिल्टर पेपरच्या चकत्यांवर उतरवलं, म्हणजे महागड्या मशीनशिवाय चालावं. इथे काहीतरी विझत नाही, अंधारात हिरवं उगवतं, आणि डोळ्याला अंधारातला थोडासा प्रकाश लगेच कळतो पण उजेडातली थोडीशी घट कळत नाही. म्हणून विझणाऱ्यापेक्षा पेटणारा सेन्सर कधीही बरा.

मी एमएस्सीला आहे. आविष्कार या संशोधन स्पर्धेसाठी लिंबाच्या रसापासून कार्बन डॉट्स करून ते अल्जिनेट जेलमध्ये घालून बोअरवेलच्या पाण्यातलं लोह ओळखायचं असा प्रोजेक्ट आहे. गाईड म्हणतात सोपं आहे. काही टिप्स? (लातूर)

करायला सोपा आहे, म्हणूनच खूप लोकांनी केलाय. कार्बन डॉट्स, म्हणजे कार्बनचे चमकणारे अतिसूक्ष्म कण, २००४ मध्ये कार्बन नॅनोट्यूब स्वच्छ करताना अपघाताने सापडले आणि तेव्हापासून लिंबू, संत्रं, दूध, पालापाचोळा, जे हाताला लागेल ते तापवून लोकांनी डॉट्स केलेत आणि त्यातल्या निम्म्यांनी तरी फेरिक लोह (तीन धन भारांचं) टाकल्यावर चमक गेली असं लिहिलंय (निम्मे हा माझा वाचनातला अंदाज, मोजलेला आकडा नाही). तुझा प्रोजेक्ट वेगळा ठरेल तो तू शंका किती घेतेस त्यावर.

पहिली शंका. फेरिक लोहाचं द्रावण पिवळट-तपकिरी असतं, म्हणजे ते स्वतःच यूव्ही आणि निळा प्रकाश खातं. मग डॉट्सना प्रकाश कमी मिळाला म्हणून चमक गेली, की लोह खरंच डॉट्सना जाऊन चिकटलं? तू ज्या तरंगलांबीचा प्रकाश टाकणार आहेस तिथे नुसत्या लोहाच्या द्रावणाचं शोषण आधी मोज आणि त्याचा हिशोब वजा करून काय उरतं ते बघ. बऱ्याचदा फारसं उरत नाही.

दुसरी, जेल. अल्जिनेटचे मणी तू कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब सोडून करणार, बरोबर? फेरिक लोह कॅल्शियमला ढकलून स्वतः अल्जिनेटच्या गाठी मारतं, मणी घट्ट होतो आणि तपकिरी दिसायला लागतो. म्हणजे डॉट्स नसलेला मणीसुद्धा लोहाला प्रतिसाद देणार. तेव्हा रिकाम्या मण्यांचा एक सेट प्रत्येक वेळी सोबत हवाच. आणि डॉट्स इतके बारीक असतात की जेलमधून निसटतात, म्हणून मणी रात्रभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवून सकाळी मणी काढ आणि पाण्यावर टॉर्च मार. पाणी चमकलं तर तुझा सेन्सर गळतोय.

तिसरी बोअरवेलची, आणि ही कोणी सांगत नाही. जमिनीखाली हवा नसते त्यामुळे लोह तिथे बहुतेक फेरस (दोन धन भारांच्या) रूपात विरघळलेलं असतं, पाणी स्वच्छ दिसतं. बादलीत थोडा वेळ राहिलं की हवा लागून फेरिक होतं आणि तांबूस गाळ होऊन तळाला बसतं. तू बाटली भरून एसटीने कॉलेजला आणेपर्यंत लोह तळाशी आणि वरच्या पाण्यात काही नाही, सेन्सर म्हणणार लोह नाही. जागेवरच ॲसिड घालून आणलंस तर लोह विरघळलेलं राहील, पण मग पीएच खाली जाणार आणि डॉट्सची चमक पीएचनेही बदलते, तेव्हा तुझी सगळी स्टँडर्ड द्रावणंही त्याच पीएचला करावी लागतील.

तुलनेसाठी फिनॅन्थ्रोलीनची जुनी नारिंगी रंगाची टेस्ट प्रत्येक नमुन्यावर लाव, ती कुठल्याही कॉलेजात होते आणि ती गेली कित्येक दशकं भरवशाची आहे. दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांड, जिथे जुळत नाहीत ते नमुने लपवू नकोस, पोस्टरवर तेच वर टाक, परीक्षक तिथेच थांबून प्रश्न विचारतील. आणि पाणी स्वतः भरायला जा, पंप पाच-दहा मिनिटं चालू ठेवून मग बाटली काठोकाठ भर, हवा राहू देऊ नकोस, ॲसिड घातलेली एक आणि न घातलेली एक अशी जोडी कर आणि दोन्हींवर वेळ लिही.